लाईट आली तेव्हा

आमच्या घरामागे पोहायचा छोटा तलाव आहे. हे कुणाला सांगताना मी नेहमी ओशाळतो, कारण उन्हाळ्यात आमच्या भागात पाण्यासाठी लोकांचे काय हाल होतात ते मी रोज पाहतो. जळगावात माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. घर शहराबाहेर, नशिराबादच्या अलीकडे, आमच्या थोड्याशा केळीच्या कडेला. तलाव बांधला तो हौसेपेक्षा भीतीपोटी. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, खान्देशातल्या लेकी माहेरी येतात. दिवाळीला एखादी आली नाही तरी चालतं, आखाजीला यावंच लागतं. निंबाला झोके बांधले जातात, आमरस-पुरणपोळ्या होतात आणि पोरांची फौज दिवसभर शेतात फिरते. शेतात विहीर. पोरं विहिरीच्या काठाशी दिसली की मी हातातलं काम टाकून धावायचो. विहिरीला कठडा बांधला, तरी धावायचोच. शेवटी म्हटलं, यांना डोळ्यांसमोर, मोठ्या माणसाच्या छातीइतक्या पाण्यात पोहू द्यावं.

तलाव मी माझ्याच धंद्याच्या सामानातून उभा केला. विहिरीचं पाणी ठिबकमध्ये सोडण्याआधी गाळायला वाळूचा फिल्टर लागतो, तोच इथे बसवला. मोटरही शेतातलीच. शेतातली म्हटलं की तिला ऑटो स्टार्टर आलाच. आमच्याकडे वीज कधी येईल, कधी जाईल याचा नेम नसतो. शेतकरी रात्रीबेरात्री उठून मोटर कुठवर चालू करणार? म्हणून ही पेटी लावतात. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते. मी आजवर अशा किती पेट्या विकल्या असतील, सांगता येणार नाही. तलावाच्या मोटरलाही तीच लावली. लावताना क्षणभरसुद्धा विचार केला नाही.

उन्हाळ्यात पोरं आली की पाणी सांभाळणं फार कठीण जातं. ऊन इतकं कडक असतं की सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत उडून जातं. पोरांच्या डोक्याला खोबरेल, अंगाला उटणं, बोटं आमरसाने चिकट. आमचं बोअरचं पाणी क्षाराचं, त्यामुळे फरशीवर पांढरा थर धरतो आणि क्लोरीन नीट काम करत नाही. त्यासाठी अधूनमधून थोडं ॲसिड सोडावं लागतं. क्लोरीन आणि ॲसिड टाकण्याची ही दोन्ही कामं रात्री, तलाव रिकामा असताना, वेगवेगळ्या वेळी करायची, हा नियम मला ठाऊक होता. पण आखाजीच्या दिवसांत पोरं रात्री उशिरापर्यंत पाण्यात असत, तलाव रिकामा असा कधी नसेच. तेव्हा मी एक सोय केली. मोटरच्या खोलीत स्टँडवर दोन कॅन ठेवले, एकात ॲसिड, एकात क्लोरीनचं पाणी. दोन्हींच्या बारीक नळ्या तलावात जाणाऱ्या पाइपला जोडल्या. केळीला खत सोडतो तसंच. मोटर चालू असताना पाण्याच्या लोंढ्यात थेंब थेंब जात राहायचं, आणि मोटर बंद केली की दोन्ही नळ्यांचे कॉक मी हाताने बंद करायचो.

गेल्या आखाजीला माझी मोठी बहीण धुळ्याहून आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिने ही व्यवस्था पाहिली आणि कमरेवर हात ठेवून आमच्या अहिराणीत म्हणाली, "केळीले ठिबक ते ठीक शे, आते पोरेसले बी ठिबक का रे भाऊ?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानच वाटला.

अक्काची मुलगी, माझी भाची, तेव्हा चौथीतून पाचवीत जाणार होती. पोहायला तिला येत नव्हतं. तिची जागा ठरलेली होती. गाळलेलं पाणी भिंतीतल्या ज्या तोंडातून तलावात येतं, तिथे पाणी उथळ आहे. तिथे भिंतीला धरून ती उभी राहायची आणि येणाऱ्या धारेत तोंड घालून हसायची. तिला गुदगुल्या व्हायच्या म्हणे. वर्षभर फोनवर तिचं एकच चालायचं, "मामा, माझा फवारा चालू आहे ना?"

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाचं पाणी दुधासारखं झालं होतं. आदल्या दिवशी सगळी पोरं जेवणापुरती बाहेर येत होती, बाकी दिवस पाण्यात. मी उजाडताच उलट्या दिशेने पाणी सोडून फिल्टर धुतला, दोन्ही कॉक थोडे जास्त उघडले, आणि काठावर उभा राहून पाहिलं. पहिली पायरी दिसत होती, दुसरी अंधुक, त्याखाली काही नाही. तळाची जाळी दिसेना.

अक्का दात घासत तिथे आली. "हाऊ तुना हौद शे का ताकनं मडकं?"

बायको म्हणाली, "आज बंद ठेवा ना. एक दिवसाने काय होतं?"

तिचं बरोबर होतं. मला स्वतःलाही त्या पाण्याची भीती वाटत होती. तळ दिसत नसेल तर खाली गेलेलं पोर दिसणार नाही, एवढी साधी गोष्ट होती ती. पण पोरं टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभी होती, आणि अक्काला परवा परत जायचं होतं. मी म्हणालो, "उतरा, पण कुणी पलीकडे जायचं नाही. पायऱ्यांजवळच. मी इथे उभा आहे."

मी खरंच उभा राहिलो. चहासुद्धा तिथेच प्यायलो. डोकी मोजायची, पुन्हा मोजायची, एखादं पाण्याखाली गेलं की श्वास रोखायचा आणि ते वर आलं की सोडायचा. पोरं मला चिडवू लागली. एक भाचा नाक धरून मुद्दाम खाली बसायचा आणि वर येऊन ओरडायचा, "मामा, मी मेलो!" मी त्याला रागावलो आणि माझा आवाज फाटला. त्यावर ती आणखी हसली.

अशातच लाईट गेली. मोटरचा आवाज थांबला. भाचीचा फवारा बंद झाला. ती म्हणाली, "मामा, गेली," आणि भिंतीला धरून तशीच वाट पाहत उभी राहिली.

नळ्या बंद करायला हव्या, हे मला त्याच क्षणी आठवलं. मला आठवलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मोटरची खोली घराच्या पलीकडच्या बाजूला आहे. तिथे जायचं म्हणजे पाण्याकडे पाठ करायची. त्या पांढऱ्या पाण्यात पोरं सोडून मी जाऊ शकलो नाही. मनात म्हटलं, थोडंसं पाइपात जाईल, राहील तिथेच. शेतात कितीदा लाईट जाते, पाइपात ॲसिड पडून राहतं, काय बिघडतं? शेतात पाइपात एका वेळी एकच गोष्ट असते, हे त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. इथे थांबलेल्या पाण्यात दोन्ही उतरत होती, एकमेकांत मिसळत होती, आणि मी डोकी मोजत होतो.

मग लाईट आली. आमच्याकडे लाईट आली की सगळी पोरं एकदम ओरडतात, "आली!" तशी ती ओरडली. माझ्या हाताची वाट न पाहता मोटर सुरू झाली. भाचीने दोन्ही हात पसरून धारेत तोंड घातलं.

आधी वास आला. शौचालय धुताना येतो तसा, पण त्याच्या कितीतरी पट, घशात चिमटा घेणारा. धारेबरोबर बुडबुडे येत होते आणि पाण्यावर हिरवट-पिवळसर वाफ पसरत होती, अगदी पातळ. ती वर जात नव्हती. पोरांच्या तोंडांच्याच उंचीवर पाण्याला चिकटून सरकत होती. भाचीच्या तोंडून एक आवाज निघाला, खोकला नव्हे, आतून काहीतरी आवळल्यासारखा. तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे उघडे, तोंड उघडं, आणि श्वास आत जात नव्हता.

"बठ्ठे भाईर निंघा!" मी ओरडलो. घरात मी कधी न बोललेली अहिराणी त्या क्षणी आपोआप बाहेर आली. मी कपड्यांनिशी उडी मारली, तिला काखेत धरलं आणि पायऱ्यांकडे ओढलं. माझे डोळे झोंबत होते, छातीत आग होत होती. बायकोला हाक मारली, "मेन पाड, मेन!" तिने धावत जाऊन घराचा मेन स्विच खाली केला. बाकीची पोरं खोकत खोकत निंबापर्यंत पळाली होती. ती धारेपासून लांब, पायऱ्यांजवळ होती म्हणून वाचली.

भाचीला आम्ही वारा येत होता त्या बाजूला, मोकळ्यावर नेलं. बायकोने माठातलं पाणी तिच्या डोळ्यांवर, तोंडावर ओतलं, ओले कपडे काढून चादरीत गुंडाळलं. आता खोकला सुरू झाला होता, थांबतच नव्हता. अक्का धावत आली. "काय व्हयनं रे तिले? काय व्हयनं?"

मी गाडीची किल्ली शोधत होतो.

अक्का भाचीला मांडीवर घेऊन मागे बसली. बायको बाकीच्या पोरांजवळ थांबली. जळगावापर्यंतचा तो रस्ता मी आयुष्यभर ये-जा केलेला आहे. त्या दिवशी पुढचे ट्रक मला दिसत होते पण कळत नव्हते. मी मागचं ऐकत होतो. ती खोकायची तेव्हा मला धीर यायचा, आणि खोकला थांबला की मान मागे वळायची.

"पुढे पाहा!" अक्का ओरडली. पुढच्या मिनिटाला तिनेच विचारलं, "भाऊ, हिना व्हट निळा दिसी ऱ्हायना का रे? पाहा ना तू!" आणि पुन्हा, "नको, तू पुढे पाहा."

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी भाचीला पाहता पाहता विचारलं, "काय झालं?"

अक्का म्हणाली, "पाण्यात होती. नाकातोंडात पाणी गेलं."

"बुडाली होती? किती वेळ पाण्याखाली होती?"

"नाही, बुडाली नाही. एकदम ठसका लागला."

मी दारात ओल्या कपड्यांनी उभा होतो. अक्काला खरंच तसंच वाटत होतं. आणि तिचं ते वाक्य ऐकून मला हायसं वाटलं, हे मला इथे लिहायलाच हवं. नाकातोंडात पाणी जाणं हा कुणाचा दोष नसतो. क्षणभर मी ते तसंच राहू दिलं. डॉक्टरबाई नर्सला काहीतरी सांगायला वळल्या, भाचीने हवेसाठी मान वर ताणली, तिच्या गळ्याखाली खड्डा पडला, आणि मग मी बोललो.

"पाणी नाही, डॉक्टर. गॅस गेला. क्लोरीन आणि ॲसिड पाइपात एकत्र झालं. मीच जोडलं होतं."

त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "श्वासात थेट गेला?"

"हो. तोंड तिथेच होतं तिचं."

पुढे सगळं भराभर झालं. ऑक्सिजन लागला, वाफेचं औषध लागलं, डोळे पुन्हा धुतले, एक्स-रे काढला. खोकला हळूहळू कमी झाला. ती मास्कमधून कशीबशी कुजबुजली, "मम्मी, पाणी." मला वाटलं, संपलं. डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "आत्ता बरी दिसतेय म्हणून निश्चिंत होऊ नका. अशा गॅसनंतर फुफ्फुसाला सूज यायची असेल तर ती काही तासांनीसुद्धा येते. उद्यापर्यंत इथेच राहू दे. लक्ष ठेवू."

म्हणजे भीती संपली नव्हती. ती आता उद्यापर्यंत आमच्यासोबत थांबणार होती.

तिच्या बोटाला चिमटा लावला होता आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा वर भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचा. मी त्या आकड्याखाली बसून राहिलो. तो एकानेही उतरला की मी उठून उभा राहायचो. नर्स एकदा म्हणाली, "काका, तिने हात हलवला म्हणून उतरतो तो. बसा तुम्ही." मी बसलो आणि लगेच पुन्हा उठलो.

भाचीचा डोळा लागल्यावर अक्का हळू आवाजात म्हणाली, "ॲसिड कसाले रे पोरेसना पाणीमा?"

मी सगळं सांगितलं. क्षार, दोन कॅन, लाईट जाणं, मोटर आपोआप सुरू होणं.

"नळ्या बंद करनं तुले माहीत व्हतं?"

"होतं."

"मंग?"

"पोरं पाण्यात होती अक्का. खाली काही दिसत नव्हतं. मी तिथून हललो नाही."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "येक हाक मारी देता ना रे. बठ्ठी भाईर येती."

एवढंच करायचं होतं. सगळे बाहेर या, म्हणायचं, कॉक बंद करून यायचं. मी इतका घाबरलेला होतो की पोरांवर नजर ठेवणं हेच एक काम उरलं होतं, आणि त्यांना पाण्याबाहेर काढता येतं हे मला सुचलंच नाही. यापेक्षा मोठं कारण मी स्वतःलाही आजवर देऊ शकलेलो नाही.

दाजींना फोन लावताना अक्का म्हणाली, "मी सांगसू, नाकमा पाणी गयं म्हणून. तू बोलू नको." मला कळलं तिचं. तिला पुढच्या आखाजीला माहेरी यायचं होतं, पोरांना घेऊन यायचं होतं. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि दाजींना झालं ते सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "आता श्वास कसा आहे?" मी आकडा सांगितला. ते म्हणाले, "निघतो," आणि फोन ठेवला. दुपारी ते पोचले, माझ्या शेजारी बसले आणि तेही तो आकडा पाहू लागले.

संध्याकाळच्या सुमारास आकडा खरोखर उतरला. हात हलवल्यामुळे नव्हे. भाचीच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाऊ लागली. नर्स धावली, डॉक्टरबाई आल्या, आम्हाला पडद्याबाहेर काढलं. पडद्याखालून त्यांच्या चपला इकडून तिकडे जाताना दिसत होत्या. अक्काने माझा दंड धरला होता, इतका घट्ट की नंतर तिथे निळे डाग उठले. मी देवाचं नाव घेतलं नाही. पडद्याआडून एक खोकला ऐकू यावा, एवढंच मनात चाललं होतं. सकाळपासून ज्या खोकल्याने मी हैराण झालो होतो, तो एकदा यावा.

खोकला आला. मग आणखी एक. औषध बदललं, ऑक्सिजन वाढवला, आणि हळूहळू आकडा वर आला. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "थोडी सूज आहे. पण प्रतिसाद देतेय." दाजी भिंतीला टेकून खाली बसले.

तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं, तोंडाने ओढायच्या पंपाचं औषध दिलं, आणि दमा होतो का यावर काही महिने लक्ष ठेवायला सांगितलं. अक्का माझ्या घरी परत आली नाही. तिचं सामान बायकोने दवाखान्यातच आणून दिलं. गाडीत बसताना भाचीने घोगऱ्या आवाजात मला हात केला. अक्काने काच खाली केली आणि म्हणाली, "सांभाळ स्वतःले."

तलावाचं पाणी मी काही दिवसांनी, क्लोरीन उडून गेल्यावर, सोडून दिलं. ते दोन कॅन, नळ्या आणि ऑटो स्टार्टर मी स्वतः काढले. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. दुकानात मात्र ऑटो स्टार्टर रोज विकतो. तो शेताला लागतोच. गिऱ्हाईकाने मागितला की मी विचारतो, "कुठे लावणार?" लोक चक्रावतात. एक म्हातारे आबा म्हणाले, "मोटरले लावसू भो, नवरदेवले लावानं शे का?" मी हसलो, पण पुन्हा विचारलं, "कसली मोटर?"

भाचीला मी दर संध्याकाळी फोन करतो. सुरुवातीला अक्का म्हणायची, ती अभ्यास करतेय, ती खेळायला गेलीय. आता ती फोन सरळ तिच्याकडे देते. आमच्यात बोलायला फारसं काही नसतं. शाळा कशी, जेवलीस का, एवढं झालं की मी गप्प बसतो आणि फोन कानाला घट्ट दाबून ऐकतो. श्वास आत जाताना शिट्टी वाजते का, मध्ये अडकतो का.

मागच्या आठवड्यात ती वैतागली. "मामा, तू फोन करतोस आणि काहीच बोलत नाहीस!"

"तू बोल ना. मी ऐकतो."

"मला माहितेय तू काय ऐकतोस ते," ती म्हणाली. आणि फोन तोंडाजवळ नेऊन तिने एक लांब श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मुद्दाम, मोठ्याने. "झालं? ऐकलंस?"

"झालं," मी म्हणालो.

ती हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. मी दुकानातला स्टूल मागे ढकलून उभा राहिलो. समोर गिऱ्हाईक थांबलेलं होतं. फोनमध्ये खोकला वाढत गेला, मग लांब गेला, कुणीतरी पेला ठेवल्याचा आवाज आला.

"अक्का?" मी म्हणालो. "अक्का, काय झालं?"

बराच वेळ काही नाही. मग भाचीचा आवाज आला, तोंडात काहीतरी चावत असल्यासारखा.

"शेव होती मामा. तोंडात शेव होती."

"पाणी पी."

"प्यायले."

"अजून पी," मी म्हणालो, आणि ती पीत असताना घोट घोट ऐकत उभा राहिलो.